कार्ल लँडस्टायनर

कार्ल लँडस्टायनर (१४ जून १८६८ – २६ जून १९४३) हे ऑस्ट्रियात जन्मलेले अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ व प्रतिरक्षाशास्त्रज्ञ होते. मानवी रक्तगटांच्या शोधासाठी त्यांना १९३० साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शालेय पुस्तकांत त्यांचे नाव येते ते याच कारणाने. स्वयंप्रतिकार रोगांच्या इतिहासातील त्यांचे स्थान मात्र फारसे सांगितले जात नाही.

जीवन

लँडस्टायनर यांचे वडील लिओपोल्ड हे व्हिएन्नातील नामवंत पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असताना ते वारले आणि आई फॅनी यांनी मुलाला वाढविले. व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ मध्ये वैद्यकीची पदवी घेतल्यावर त्यांनी एमिल फिशर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांकडे काम केले. रोगाचा विचार रेणूंच्या पातळीवर करण्याची त्यांची सवय या काळातली. पुढे विकृतिशास्त्र संस्थेत दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली.

रक्तगट

एका माणसाचा रक्तरस दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळला असता कधी गुठळ्या होतात, कधी होत नाहीत. यामागील नियम त्यांनी १९०१ मध्ये मांडला व आज ए, बी, ओ म्हणून ओळखले जाणारे गट दाखविले. चौथा एबी गट पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला.

स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे

शरीर स्वतःच्या पेशींवर हल्ला करील असे प्रतिपिंड बनवीत नाही, असे पॉल एर्लिख यांचे मत त्या काळी वजनदार होते. ज्युलियस डोनाथ व लँडस्टायनर यांनी १९०४ मध्ये त्याला छेद देणारा पुरावा दिला. थंडी लागली की काही रुग्णांना लालकाळी लघवी होई. यांपैकी पुष्कळ जण उपदंशाचे (गरमीचे) रोगी असत. असे रक्त बर्फात थंड करून पुन्हा शरीराच्या तापमानाला आणले की तांबड्या पेशी फुटतात, हे दोघांनी परीक्षानळीत दाखविले. थंडीत प्रतिपिंड पेशीला चिकटते आणि ऊब मिळताच रक्तरसातील पूरक द्रव्य तिला फोडते. रुग्णाचा रक्तरस निरोगी माणसाच्या पेशीही फोडत असल्याने दोष पेशींचा नसून रक्तरसाचा आहे, हेही ठरले. प्रयोग इतका साधा की तो कोणत्याही रुग्णालयात करून पाहता येई. तरीही असे रोग असतात हे सर्वमान्य व्हायला सुमारे अर्धशतक गेले.

हे प्रतिपिंड नेमके कशाला चिकटते, हे १९०४ मध्ये सांगता येण्याजोगे नव्हते. उपदंशाच्या वासरमान चाचणीतही हाच प्रश्न होता. लँडस्टायनर व सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये दाखविले की त्या चाचणीसाठी रोगजंतू लागत नाहीत. निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अल्कोहोलमधील अर्कही चालतो. त्यातील कार्डिओलिपिन हा घटक मेरी पँगबोर्न यांनी १९४१ मध्ये वेगळा केला. रक्त गोठण्याच्या व वारंवार गर्भपाताच्या एका स्वयंप्रतिकार विकारात आज याच द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडे तपासतात.

उत्तरायुष्य

पोलिओ हा विषाणुजन्य असल्याचे त्यांनी एर्विन पॉपर यांच्यासह दाखविले. महायुद्धानंतरच्या हलाखीत ते हेगला गेले व तेथून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. तेथे फिलिप लेव्हिन यांच्यासह १९२७ मध्ये एम, एन व पी हे प्रतिजन आणि अलेक्झांडर वीनर यांच्यासह १९४० मध्ये आरएच घटक त्यांनी शोधला. प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला व दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

डोनाथ-लँडस्टायनर प्रतिपिंडाचे लक्ष्य पी रक्तगटांच्या कुळातील प्रतिजन आहे, हे लेव्हिन व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सिद्ध केले. म्हणजे १९०४ च्या कोड्याची किल्ली १९२७ पासून लँडस्टायनर यांच्याच प्रयोगशाळेत पडून होती.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईत वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद केली. या व्यक्तींच्या पेशींवर एच प्रतिजन नसतो, म्हणून त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी भागांतील आदिवासी समाजांत सिकल सेल आजार आढळतो. या आजारात वारंवार रक्त द्यावे लागल्यास काही रुग्णांत परक्या तांबड्या पेशींविरुद्ध, क्वचित स्वतःच्याच पेशींविरुद्धही, प्रतिपिंडे तयार होतात. अशा वेळी केवळ ए, बी, ओ व आरएच जुळवून भागत नाही. प्रतिपिंड कोणत्या प्रतिजनाविरुद्ध आहे ते ओळखून, तो प्रतिजन नसलेले रक्त शोधावे लागते.