हम्फ्री डेव्ही

सर हम्फ्री डेव्ही (१७ डिसेंबर, १७७८ - २९ मे, १८२९) हे इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ होते. विजेच्या साहाय्याने नवी मूलद्रव्ये वेगळी करणारे आणि पाण्यातील धातूचे क्षरण रोखण्याची विद्युत-रासायनिक पद्धत मांडणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

डेव्ही यांचा जन्म कॉर्नवॉलमधील पेन्झन्स येथे झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हम्फ्री एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागले. १८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाले. १८०७ मध्ये त्यांनी विद्युत अपघटनाने पोटॅशियम व सोडियम मिळवले. १८१५ मध्ये त्यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षा दिवा तयार केला. मायकेल फॅरेडे हे त्यांचे साहाय्यक होते. १८२० ते १८२७ या काळात डेव्ही रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते.

क्षरणरोधनाचे कार्य

ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. समुद्राच्या पाण्यात हे पत्रे झिजत. नौदलाने या प्रश्नावर सल्ला मागितल्यावर डेव्ही यांनी १८२४ मध्ये तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडण्याचा उपाय मांडला. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. कोचीन येथे बांधलेल्या 'समरंग' या युद्धनौकेवरही हा प्रयोग झाला.

तांबे खरोखरच वाचले. परंतु याच यशातून नवी अडचण उभी राहिली. झिजणाऱ्या तांब्याचे पाण्यात उतरणारे अंश सागरी जीवांना विषारी ठरत. झीज थांबताच शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव तळाला चिकटू लागले व जहाजांची गती मंदावली. नौदलाने काही वर्षांतच ही योजना सोडून दिली. डेव्ही यांना टीका सहन करावी लागली. पुढे त्यांची प्रकृती ढासळली व जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

पोलादी जहाजे आणि जमिनीखालील नळ यांच्या रक्षणासाठी हेच तत्त्व आज सर्वत्र वापरले जाते. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात बनणाऱ्या वाहनांच्या इंजिनांत शीतकरणाचे पाणी लोखंड, ॲल्युमिनियम अशा भिन्न धातूंमधून फिरू शकते. त्यामुळे कूलंटमध्ये क्षरणरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. पाण्याने थंड होणाऱ्या संगणकातही हाच नियम लागू पडतो. तांब्याच्या ठोकळ्यासोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडल्यास डेव्हींच्या जस्ताप्रमाणे ॲल्युमिनियम झिजते. फरक इतकाच, की येथे झिजणारा भाग यंत्रालाच हवा असतो. म्हणून संपूर्ण जलमार्गात शक्यतो एकमेकांशी जुळणारे धातू वापरणे आणि साध्या नळाच्या पाण्याऐवजी क्षरणरोधकयुक्त द्रव भरणे हितावह ठरते.