शिपाई हेन्री हूक

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्यातील सर्वोच्च शौर्यपदक होय. ते मिळविणाऱ्यांत मोठमोठे सरदार आहेत. परंतु आम्ही येथे ज्याची हकीकत सांगणार आहोत, तो इस्पितळात आजाऱ्यांचा स्वयंपाक करणारा एक साधा शिपाई होता.

हेन्री हूक ह्याचा जन्म १८५० साली इंग्लंडातील चर्चम ह्या खेड्यात झाला. प्रथम शेतमजुरी करून १८७७ साली तो पलटणीत शिरला व आफ्रिकेस गेला. तेथील झुलू लोकांचा राजा सेटेवायो ह्याजकडे इंग्रजांचे हायकमिशनर सर बार्टल फ्रियर ह्यांनी १८७८ च्या डिसेंबरात अशा अटी धाडल्या की, त्या कोणाही स्वाभिमानी राजास मान्य होऊ नयेत. हे तेच फ्रियरसाहेब, जे १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. ह्या युद्धास न्याय्य म्हणणे आम्हांस शक्य नाही. झुलू आपल्या भूमीसाठी लढत होते.

१८७९ च्या जानेवारीच्या २२ तारखेस इसांडलवाना येथे झुलूंनी इंग्रजांची मोठी छावणी धुळीस मिळविली, आणि त्याच दुपारी तीनचार हजार झुलू रोर्क्स ड्रिफ्ट येथील ठाण्यावर चालून आले. ठाण्यात सुमारे दीडशे माणसे होती. मक्याची पोती व बिस्किटांच्या पेट्या रचून त्यांनी तट उभारला. एका स्वीडिश मिशनऱ्याच्या घराचे इस्पितळ केले होते. हूक त्या वेळी तेथे चहा करीत होता.

सायंकाळी इस्पितळाच्या गवती छपराने पेट घेतला. खोल्यांस आतून एकमेकींत जाण्यास दारे नव्हती. तेव्हा जॉन विल्यम्स हा कुदळीने मातीच्या भिंतींस भोके पाडी, त्यांतून एकेक रुग्ण पलीकडे ओढला जाई, आणि हूक एकटा संगीन रोखून मागून येणाऱ्यांस अडवी. भाल्याचा वार त्याच्या डोक्यास लागला, तरी तो हटला नाही. पाय मोडलेल्या एका रुग्णास घाईने ओढताना त्याचा पाय पुन्हा मोडला. पण जीव वाचला. आणखी एक जखमी, जातीचा आफ्रिकी, मात्र पहिल्याच खोलीत मागे राहिला व मारला गेला. हेही सांगितले पाहिजे. पहाटेपर्यंत चाललेल्या ह्या झुंजीत इंग्रजांकडील १७ जण कामास आले. झुलूंची ३५० हून अधिक प्रेते मोजली गेली, आणि त्यांच्या जखमींस नंतर ठार करण्यात आले. ती गोष्ट पदकांच्या वर्णनात सहसा येत नाही.

ह्या लढाईबद्दल अकरा व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. हूकला त्याचे पदक ३ ऑगस्ट रोजी त्याच जागी सेनापती वुल्झली ह्यांच्या हस्ते मिळाले. पुढे फौज सोडून त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अनेक वर्षे नोकरी केली. प्रथम पुस्तकांवरील धूळ झाडणे, मग येणाऱ्यांच्या छत्र्या सांभाळणे, हे त्याचे काम. १९०५ साली क्षयाने त्यास मृत्यू आला व चर्चम येथेच त्याचे दफन झाले.

१९६४ साली ह्या लढाईवर 'झुलू' नावाचा इंग्रजी चित्रपट निघाला. त्यात हूक हा दारूबाज व कामचुकार दाखविला आहे. वास्तविक सद्वर्तनाबद्दल त्यास पलटणीत जादा वेतन मिळाले होते. त्याच्या वृद्ध मुली तो खेळ अर्धाच टाकून उठून गेल्या, असे सांगतात.