इडा वेल्स : आरोपाची शहानिशा करणारी शिक्षिका

इडा वेल्स यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात होली स्प्रिंग्ज या गावी गुलामगिरीतच झाला. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि आईवडिलांनी मुलांना शाळेत घातले. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आई, वडील व तान्हा भाऊ दगावले. तेव्हा सोळा वर्षांच्या इडाने उरलेल्या भावंडांचा भार अंगावर घेऊन खेड्यातील शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली.

पुढे त्या मेंफिस शहरी आल्या. तिकीट काढून स्त्रियांच्या डब्यात बसल्या असता, वर्णावरून त्यांना ओढून बाहेर काढण्यात आले. त्यांनी रेल्वे कंपनीवर फिर्याद केली. १८८४ मध्ये ५०० डॉलर भरपाई मिळाली. परंतु १८८७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरविला. बाईंना जागा नको होती, कंपनीला सतवायचे होते, असा ठपका ठेवण्यात आला. फिर्यादीच गुन्हेगार ठरली! १८९१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या शाळांच्या दुरवस्थेवर त्यांनी आपल्या 'फ्री स्पीच' पत्रात लिहिले आणि शिक्षिकेची नोकरीही गेली.

मार्च १८९२ मध्ये त्यांचे स्नेही थॉमस मॉस यांना दोन साथीदारांसह तुरुंगातून काढून जमावाने गोळ्या घातल्या. मॉस यांचे किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराला जड जात होते. जमाव ज्यांना मारतो ते स्त्रियांवर अत्याचार करणारे असतात, असे तोवर सर्रास मानले जाई. खुद्द इडाबाईंचाही त्यावर विश्वास होता. मॉस यांना तर त्या ओळखत होत्या. म्हणून त्यांनी एकेक प्रकरण खणून काढले. आठ वर्षांत ७२८ कृष्णवर्णीय जमावाला बळी पडले होते, आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांवरच तसा आरोप होता; सिद्ध होण्याची बात तर दूरच. कित्येकदा परस्परसंमतीचा संबंध उघडकीस येताच त्याला अत्याचार म्हटले जाई. हे छापताच मे महिन्यात जमावाने छापखाना मोडला. बाई सुदैवाने परगावी होत्या; मेंफिसला परतणे जिवावरचे झाले. १८९३ व १८९४ मध्ये इंग्लंडात जाऊन त्यांनी हाच विषय मांडला. पुढे शिकागोत वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी विवाह होऊन त्या तेथेच स्थायिक झाल्या.

१९१९ मध्ये आर्कान्सा राज्यातील एलेन येथे खंडकरी शेतकरी कापसाचा वाजवी हिशेब मागण्यासाठी संघटित झाले. दंगल उसळली, कितीतरी कृष्णवर्णीय मारले गेले आणि देहदंड ठोठावला गेला तो त्यांच्याच १२ जणांना. ज्यूरी सगळी गोरी, साक्षी चाबकाने काढलेल्या, ज्यूरीचा विचारविनिमय मिनिटांत आटोपलेला. इडाबाई कैद्यांच्या नातलग म्हणून तुरुंगात शिरल्या. कैदी मरणाची आणि स्वर्गाची गाणी गात होते. मरणाचे बोलणे पुरे करा, जगण्यासाठी प्रार्थना करा, असे त्यांनी बजावले. कैद्यांच्या हकिकती आणि हिरावलेल्या पिकाचा हिशेब त्यांनी १९२० मध्ये पुस्तिकेत छापला. वकील सिपिओ जोन्स न्यायालयात झुंजत होते. अखेर १९२३ मध्ये, जमावाच्या दडपणाखालील खटला हा खटलाच नव्हे, असा निर्णय वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९२५ पर्यंत बाराही जण सुटले.

२५ मार्च १९३१ रोजी इडाबाई निवर्तल्या. जमावाच्या हत्येला राष्ट्रीय कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवायला अमेरिकेला २०२२ साल उजाडले. पण त्या हयात असताना एका रविवारी सायंकाळी त्या घरी आल्या, तो एक अनोळखी तरुण बसलेला. तो त्या बाराजणांपैकी एक होता, आभार मानायला आला होता.