फर्मरसाहेबांचा काळा दगड

आमच्या पारगावात विहीर खणायला घेतली की आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा कातळ, त्याखाली मांजऱ्या, आणि नशिबात असेल तर मध्येच तांबड्या मातीचा एखादा पट्टा. आंबेगाव तालुक्यातल्या घोड नदीच्या काठी वाढलेल्या मला लहानपणी वाटे, सगळ्या जगाच्या पोटात हाच दगड भरलेला असणार. हा समज पुसला गेला तो १९८८ साली, बँकेने माझी बदली भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरला केली तेव्हा.

मुलगी तीन वर्षांची होती. तिला आणि बायकोला गावी आईवडिलांजवळ ठेवून मी एकटाच गेलो. तिथे एका खातेदाराने कागद उडू नयेत म्हणून मला एक काळा दगड आणून दिला. आकाराने लिंबाएवढा, पण हातात घेतला की मनगट खाली जाई. पेन्शन न्यायला येणारे खाणीवरचे एक निवृत्त गृहस्थ तो पाहून हसले आणि म्हणाले की हा फर्मरसाहेबांचा दगड. हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. पुढे नागपूरला गेलो की जुन्या पुस्तकांतून त्या नावाचा माग काढण्याचा छंदच जडला.

लुईस ली फर्मर यांचा जन्म १८८० सालचा, लंडनमधला. रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकून १९०२ साली, बाविशीतच, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीला लागले. त्या काळात नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी नुकत्याच निघाल्या होत्या. पोलाद चिवट करायला मँगनीज लागते, आणि पोलादाचे कारखाने होते सातासमुद्रापार. सरकारला हवा होता तो मालाचा हिशेब. कोवळ्या फर्मरनी हिशेब तर दिलाच, पण त्यांना दुसराच प्रश्न सतावू लागला. हा काळा दगड इथे आला कुठून?

उत्तरासाठी त्यांनी हिवाळ्यामागून हिवाळे तंबूत काढले. १९०९ साली त्यांचा ग्रंथ निघाला, भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवरचा, बाराशेहून अधिक पानांचा. त्यात रामटेकच्या परिसरातल्या खाणी आहेत, भंडाऱ्यातल्या आहेत, प्रत्येक टेकडीची नोंद आहे. गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांच्या एका जातीच्या खडकाला त्यांनी नाव दिले गोंडाइट, त्या रानातल्या गोंडांवरून. दगडाला नाव गोंडांचे मिळाले. खाणीचे मालक मात्र दुसरेच होते, हेही इथे सांगायला हवे.

फर्मर यांचे म्हणणे असे होते की हा गोंडाइट पृथ्वीच्या पोटातून उसळून आलेला नाही. फार पूर्वी पाण्याच्या तळाशी मँगनीजचा गाळ साचला, तो पुढे जमिनीत खोल गाडला गेला, उष्णतेने आणि दाबाने भाजून निघाला, आणि त्याचा हा खडक झाला. आंध्रच्या बाजूला सापडलेल्या कोडुराइट नावाच्या खडकाबद्दल मात्र त्यांचा अंदाज पुढच्या संशोधकांना पटला नाही. तो त्यांनी वितळलेल्या रसातून आलेला मानला होता. पण नागपूरकडच्या गाळाचे निदान टिकले.

मग पाण्यात विरघळलेले मँगनीज तळाशी बसले कसे? याचे उत्तर मला तुमसरच्या भाड्याच्या घरातल्या बादलीने समजावले. बोअरचे पाणी काढताना स्वच्छ असे. सकाळी पाहावे तर वर तांबूस साय आणि तळाला गाळ. जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह पाण्यात गुपचूप विरघळून राहते. वर आले, प्राणवायू भेटला, की गंजून खाली बसते. मँगनीजचेही तसेच, पण ते लोहापेक्षा हट्टी. लोह थोडक्यात भागवते. मँगनीजला पुरेसा प्राणवायू लागतो. म्हणून जुन्या समुद्राच्या गाळात लोहापासून वेगळा झालेला मँगनीजचा जाड थर दिसला, की त्या पाण्यात कुठेतरी प्राणवायू होता असे संशोधक मानू लागतात.

पृथ्वीच्या आयुष्याचा जवळजवळ अर्धा काळ हवेत प्राणवायू नव्हताच म्हटले तरी चालेल. समुद्रातल्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या जीवांनी तो तयार केला, आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत टिकू लागला. दक्षिण आफ्रिकेतल्या कलहारी भागातले मँगनीजचे प्रचंड साठे साधारण त्याच काळातले. त्या वेळी कोणी पाहायला नव्हते, मग हे कळले कसे? दगडातल्या रासायनिक खुणांवरून. सिरियम नावाचे एक दुर्मिळ मूलद्रव्य आहे. पाण्यात प्राणवायू असला की ते मँगनीजच्या काळ्या कणांना चिकटून जाते आणि समुद्रात त्याची तूट पडते. ती तूट त्या काळच्या खडकात जशीच्या तशी नोंदली जाते. मॉलिब्डेनमचे हलके अणूही हे कण आधी उचलतात. त्या खुणेवरून २०१४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे २९५ कोटी वर्षांच्या खडकांत संशोधकांनी प्राणवायूची चाहूल ओळखली, म्हणजे तो हवेत टिकण्याच्या कितीतरी आधी. बँकेत मोठी रक्कम एका सहीवर सुटत नाही. तसे इथेही एका खुणेवर कोणी विसंबत नाही, तीन-चार खुणा ताडून पाहतात. त्यातून नागपूरकडचे खडक पडले भाजलेले, त्यामुळे त्यांची साक्ष जपून घ्यावी लागते. त्यांच्या वयावरही अजून एकमत नाही. शंभर कोटींपासून दोनशे कोटी वर्षांच्या पुढेपर्यंत अंदाज आहेत.

फर्मरना यातले काहीच ठाऊक नव्हते. दगडाचे वय वर्षांत सांगण्याची विद्या तेव्हा बाल्यावस्थेत होती. त्यांनी फक्त जे दिसले ते नीट लिहून ठेवले. आमच्या काळ्या कातळावरही त्यांचे उपकार आहेत. भुसावळला कोळशासाठी बाराशे फुटांहून खोल भोक पाडले होते. कोळसा लागला नाही, पण वर आलेला दगड तपासून फर्मर यांनी लाव्हाचे २९ वेगवेगळे थर मोजून दाखवले. आमचे विहीर खणणारे बोटांवर मोजत तेच, फक्त कितीतरी खोल. आणि हा आमचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तुमसरच्या दगडापुढे कालचे पोर.

मान खूप मिळाला. १९३४ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. सर्वेक्षण खात्याचे संचालकपद भूषवून १९३५ साली निवृत्त झाले, त्याच वर्षी सर ही पदवी मिळाली. आज दिल्लीत असलेली भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ साली कलकत्त्यात दुसऱ्या नावाने सुरू झाली, तिचे पहिले अध्यक्ष फर्मरच.

घरी मात्र हिशेब जुळला नाही. १९१५ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्यांना मुलगा झाला. महायुद्ध पेटलेले. आई थोरल्या मुलीला घेऊन भारताकडे निघाली आणि तान्ह्या मुलाला इंग्लंडमधल्या खेड्यातल्या एका कुटुंबाकडे ठेवले; जहाज पाणबुडीने बुडवले तर निदान एक जण मागे उरावा. मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत आपल्या माणसांना ओळखत नव्हता. पुढे आईवडिलांचा संसारही मोडला. वडील दगडांत, समुद्रापलीकडे. मुलाच्या वाट्याला पत्रे आणि मोजक्या भेटी. १९३३ च्या डिसेंबरात, अठरा वर्षांचा असताना, तो मुलगा पायी युरोप ओलांडायला निघाला. हाच पुढचा नामवंत प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मर.

सर लुईस १९५४ साली वारले. मुलाने त्या पायी प्रवासावरचे पुस्तक १९७७ साली प्रसिद्ध केले. त्यात वडिलांची ओळख करून देताना तो त्यांच्या नावाच्या खनिजाचा आवर्जून उल्लेख करतो. हे फर्मोराइट छिंदवाड्यातल्या सीतापारच्या मँगनीजच्या खाणीत सापडले होते आणि ब्रिटिश म्युझियमच्या दोघा तज्ज्ञांनी १९१० साली त्याला ते नाव दिले होते. लांब राहिलेल्या बापाची मुलाकडे एवढीच शिल्लक होती, आणि त्याने ती अभिमानाने सांगितली. पुढे खनिजांच्या नावांची फेरमांडणी झाली आणि २०१० साली हे नावही अधिकृत यादीतून गेले. मुलगा त्यानंतर वर्षभराने वारला.

तुमसरहून मी पहिल्यांदा गावी आलो, तेव्हा माझी मुलगी आजीच्या पदराआड लपली होती. पाहुणे आलेत, असे ती म्हणाली. तो काळा दगड आता पारगावच्या घरी खिडकीत असतो. परवा मुलगी तिच्या मुलाला घेऊन आली होती. नातवाने दगड दोन्ही हातांनी उचलला आणि विचारले, हा कुणाचा? तिने लगेच सांगितले, आजोबा तुमसरला होते ना, तेव्हाचा. मी नुसता ऐकत बसलो.