सहा खड्यांचा अंपायर

आपल्या कंपाउंडमधल्या मॅचमध्ये अंपायर कोण होतो? जो आऊट झालाय आणि ज्याला फिल्डिंगचा कंटाळा आलाय तो. त्याने बोट वर केलं की भांडण ठरलेलं! स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा म्हणूनच मला फ्रँक चेस्टर आठवले.

इंग्लंडमधल्या बुशी गावी १८९५ साली जन्म. सतराव्या वर्षी वूस्टरशायर काउंटीकडून पगारी खेळाडू. १९१३ मध्ये तीन शतकं, १९१४ मध्ये एसेक्सविरुद्ध नाबाद १७८. त्यात इंग्लंडचे कॅप्टन राहिलेल्या जॉनी डग्लसना चार सिक्स. मग महायुद्ध आलं. ग्रीसमध्ये सलोनिकाच्या आघाडीवर १९१७ साली उजवा हात कोपराखालून गेला. वय अवघं बावीस. बॅट कायमची सुटली.

१९२२ मध्ये ते अंपायर झाले. पहिलीच मॅच एसेक्स-सॉमरसेट. तिथे त्यांनी दोन्ही कॅप्टनना आऊट दिलं! एक तर तेच डग्लस, पायचीत. दुसरे जॉन डॅनियल, यष्टिचीत. गंमत वाटते, पण त्या काळी कॅप्टन म्हणजे बडी मंडळी आणि त्यांच्या रिपोर्टवर अंपायरची पुढच्या वर्षीची नोकरी ठरायची. असंच चालू ठेवलंस तर संपलास, असं सोबतच्या अंपायरने त्यांना बजावलंसुद्धा. हात गेलेला, दुसरं काही येत नाही, तरी या माणसाने जे दिसलं तेच दिलं. मला यात त्यांच्या शतकांपेक्षा जास्त हिंमत दिसते.

स्टंपवर वाकून चेंडू बघायची पद्धत त्यांनीच रूढ केली. ओव्हरचे चेंडू मोजायला आईच्या बागेतून उचललेले सहा खडे. तेच शेवटपर्यंत वापरले.

१९३२ साली लॉर्ड्सवर सी. के. नायडूंचा संघ भारताची पहिली कसोटी खेळला, तेव्हाही अंपायर चेस्टरच होते. ब्रॅडमननी त्यांना सर्वश्रेष्ठ मानलं. पुढे मात्र पोटाच्या अल्सरने ते चिडचिडे झाले, ऑस्ट्रेलियन खेळाडूंशी खटके उडाले. १९५३ मध्ये तर त्या संघाला ते नकोसे झाले.

१९५५ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा ४८ कसोटी झाल्या होत्या. हा विक्रम डिकी बर्ड यांनी मोडेपर्यंत तीस वर्षांहून अधिक टिकला. १९५७ च्या एप्रिलमध्ये बुशीलाच ते वारले.