लुडविग फॉन बर्टालान्फी : सिस्टिम शोधणारे जीवशास्त्रज्ञ

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारा शब्द कोणता? माझं मत ‘सिस्टिम’ला. थर्मोमध्ये ओपन आणि क्लोज्ड सिस्टिम, कंट्रोलमध्ये फीडबॅक सिस्टिम, कॉम्प्युटरवाल्यांची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मेसच्या भाजीत मीठ नसलं की दोष पुन्हा सिस्टिमलाच! पण या सगळ्या वेगवेगळ्या सिस्टिम्सना काही नियम सारखेच लागू होतात का, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर लावून धरला ते इंजिनिअर नव्हते. ते जीवशास्त्रज्ञ होते आणि त्यांची डॉक्टरेट तर चक्क तत्त्वज्ञानातली!

लुडविग फॉन बर्टालान्फी यांचा जन्म १९ सप्टेंबर १९०१ रोजी व्हिएन्नाजवळच्या आट्झगर्सडॉर्फ इथे झाला. वडील रेल्वेच्या प्रशासनात होते. लुडविग एकुलते एक. दहा वर्षांचे होईपर्यंत त्यांचं शिक्षण घरीच झालं आणि त्याच सुमारास आईवडील वेगळे झाले. शेजारी पॉल कामरर हे जीवशास्त्रज्ञ राहत, त्यांच्यामुळे मुलाला सजीवांची गोडी लागली. पुढे इन्सब्रुक आणि व्हिएन्ना इथे तत्त्वज्ञान व कलेचा इतिहास शिकून १९२६ मध्ये त्यांनी मोरिट्झ श्लिक यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी जीवशास्त्रात दोन तट पडले होते. एक म्हणे, सजीव म्हणजे यंत्र; भाग सुटे करा, सगळं कळेल. दुसऱ्याचं म्हणणं, नाही, आत काहीतरी वेगळी जीवनशक्ती असते. या दुसऱ्या तटाकडे भक्कम पुरावा होता. हान्स ड्रीश यांनी १८९१ मध्ये सी-अर्चिन या समुद्री प्राण्याच्या दोन पेशींच्या गर्भातल्या पेशी वेगळ्या केल्या, तर प्रत्येकीतून अर्धा नव्हे, तर लहानसा पण अख्खा जीव तयार झाला. आपल्या वर्कशॉपमधलं लेथ मधोमध कापलं तर दोन छोटे लेथ मिळतील का? बर्टालान्फींनी दोन्ही तट नाकारले. १९२८ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की गूढ शक्ती वगैरे काही नाही, पण नुसते भागही पुरेसे नाहीत. भागांची मांडणी आणि त्यांचे आपसांतले संबंध यांचाच अभ्यास व्हायला हवा.

त्यांची सर्वांत मोठी कल्पना म्हणजे सजीव ही ओपन सिस्टिम आहे. आपल्यापैकी बरेच जण निसर्ग शिबिराला सेमाडोहला जाऊन आलेत, म्हणून उदाहरण तिथलंच घेते. पावसाळ्यात सिपना नदीवर उभे राहा. आत्ता डोळ्यांसमोर असलेलं पाणी पुढच्या मिनिटाला तिथे नसतं, ते तापीच्या वाटेला लागलेलं असतं. तरी नदी तीच! वरून येणारं पाणी थांबलं की उन्हाळ्यात धार तुटते आणि डोह तेवढे उरतात. सागाचं झाड, सांबर, आपण, सगळे असेच. सतत काही आत घेतो, काही बाहेर टाकतो आणि त्या ये-जा करण्यामुळेच टिकून राहतो. क्लोज्ड सिस्टिम शेवटी इक्विलिब्रियमला पोचते. पण सजीवाचं इक्विलिब्रियम म्हणजे मरण. जिवंतपणी असते ती स्टेडी स्टेट. थर्मोच्या दुसऱ्या नियमाला सजीव फसवतात असं अनेकांना वाटायचं. तसं काही नाही, ते आपली एन्ट्रॉपी बाहेर ढकलतात. ही मांडणी त्यांनी १९५० मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात सविस्तर केली.

दुसरी गोष्ट तर खास आपल्यासाठी. डोहातला मासा वाढतो कसा? बर्टालान्फींनी साधा हिशेब केला. अन्न शोषलं जातं ते पृष्ठभागाच्या, म्हणजे लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. शरीराची झीज होते ती वजनाच्या, म्हणजे लांबीच्या घनाच्या प्रमाणात. लहानपणी मिळकत जास्त, खर्च कमी. मोठेपणी दोन्ही बरोबर होतात आणि वाढ थांबते. हे समीकरण सोडवलं की माशाच्या लांबीचा जो आलेख येतो, तो बघून मी चाटच पडले. आर-सी सर्किटमध्ये कपॅसिटर चार्ज होतानाचा कर्व्ह! मासा म्हणजे कपॅसिटर नव्हे. पण दोघांच्या नियमाचा सांगाडा एक आहे. मग असे सांगाडे शोधणारं एक वेगळं शास्त्रच का असू नये? तीच जनरल सिस्टिम थिअरी. १९३७ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर शिकागोला असताना तिथल्या एका सेमिनारमध्ये त्यांनी ती प्रथम मांडली.

इथवरची गोष्ट कुठल्याही चरित्रात सापडते. पुढचा भाग सहसा एका ओळीत आटपतात, आणि मला तो आटपावासा वाटत नाही. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. अमेरिकेत राहायची मुदत वाढवून मिळावी म्हणून बर्टालान्फींनी खटपट केली, ती फसली. ते परत आले आणि नोव्हेंबरमध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले. १९४० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं. पोटासाठी सही केली असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण त्या काळच्या लेखनात त्यांनी आपल्या जीवशास्त्राचा त्या राजवटीच्या विचारांशी मेळही घातला. पूर्ण हे भागांपेक्षा मोठं, हे वाक्य पेशी आणि शरीराबद्दल खरं आहे. तेच माणूस आणि राष्ट्राबद्दल म्हटलं, की त्याचं काय होतं ते त्या वर्षांनी दाखवलं. एवढा हुशार माणूस हे ओळखत नव्हता यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

युद्धानंतर पद गेलं. १९४८ मध्ये त्यांनी ऑस्ट्रिया सोडलं आणि लंडनमार्गे ते कॅनडाला पोचले. ओटावात काही वर्षं शिकवलं. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांना अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग, गणिती अनाटोल रापोपोर्ट आणि शरीरशास्त्रज्ञ राल्फ जेरार्ड भेटले. चौघेही आपापल्या वाटेने एकाच प्रश्नापाशी आले होते, जसं परतवाड्याहून या की धारणीहून, सेमाडोह लागतंच. चौघांनी मिळून सिस्टिम्सच्या अभ्यासाची संस्था उभारली. १९६८ मध्ये त्यांचं ‘जनरल सिस्टिम थिअरी’ हे पुस्तक आलं.

आता एक शंका. थर्मोच्या पेपरात आपण तुटक रेष काढतो आणि म्हणतो ही सिस्टिमची बाउंडरी. पण जंगलात ती कोण काढणार? १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. कोरकू लोक त्याआधीपासूनच तिथे राहत होते. पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावं उठून जंगलाबाहेर गेली. वाघाच्या बाजूने हिशेब केला तर ते बरोबर असेलही. पण रेष काढताना माणूस आत धरला की बाहेर, हे समीकरण सांगत नाही, ते रेष काढणाराच ठरवतो. बर्टालान्फींच्या पुस्तकांत मला याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

उतारवयात मात्र त्यांचा सूर बदललेला दिसतो. एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात असताना, १९६७ च्या पुस्तकात, माणसाला बटण दाबल्यावर चालणारा रोबो समजणाऱ्या मानसशास्त्रावर ते तुटून पडले. सिस्टिम्सच्या नावाखाली माणसाचा स्क्रू होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. हे व्हिएन्नातल्या त्या वर्षांचं प्रायश्चित्त होतं का? ज्याने त्याने ठरवावं.

१९६९ मध्ये ते अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात आले आणि १२ जून १९७२ रोजी तिथेच हृदयविकाराने गेले. वय ७०. बेव्हर्टन आणि होल्ट यांनी १९५७ मध्ये मासेमारीच्या गणितात त्यांचं समीकरण वापरलं, तेव्हापासून ते जगभर वापरात आहे. किती मासे धरले तर साठा टिकेल, याचा हिशेब मांडताना ते आजही लागतं. त्यामुळे मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या कितीतरी पोरांना बर्टालान्फी ठाऊक आहेत ते फक्त माशाच्या लांबीचं सूत्र म्हणून.