काळोखातली तेरेजा



बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. तपकिरी झगा, हातात क्रूस आणि गुलाबाची फुले. तो शांत चेहरा पाहून वाटते, हिला कसली आली शंका! प्रत्यक्षात आयुष्याचे शेवटचे अठरा महिने या तरुण धर्मभगिनीला स्वर्ग खरोखर आहे की नाही, याच प्रश्नाने छळले होते. 'फादर, प्रार्थना करतो, पण आत काहीच वाटत नाही' असे सांगणारे अनेक जण भेटतात. खास त्यांच्यासाठी आज तेरेजाची जीवनकथा.

तेरेजा मार्टिनचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलाँसों या गावी झाला. वडील लुई घड्याळजी होते आणि आई झेली लेस विणण्याचा व्यवसाय चालवीत असे. नऊ अपत्यांपैकी पाच मुली जगल्या. तेरेजा त्यांतले शेंडेफळ. ती साडेचार वर्षांची असताना, १८७७ साली, आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. वडील मुलींना घेऊन लिझ्यू गावी त्यांच्या मामाजवळ राहायला आले. तेरेजाने पोलिन या बहिणीलाच आई मानले. पण १८८२ साली पोलिन कार्मेल मठात दाखल झाली आणि त्या चिमुरडीची आई जणू दुसऱ्यांदा हरवली. पुढच्या वर्षी ती विचित्र आजाराने अंथरुणाला खिळली. मे १८८३ मध्ये देवमातेच्या मूर्तीकडे पाहत असताना ती बरी झाली.

चौदाव्या वर्षी तिने ठरवले की आपणही कार्मेलमध्ये जायचे. वडिलांनी आनंदाने होकार दिला. मात्र मठाची जबाबदारी असलेल्या धर्मगुरूंनी वय लहान म्हणून नकार दिला. तेरेजा बिशपांकडे गेली, त्यांनीही निर्णय पुढे ढकलला. मग वडिलांबरोबर ती रोमला यात्रेला गेली. २० नोव्हेंबर १८८७ रोजी पोप तेरावे लिओ यांच्यासमोर गुडघे टेकून तिने, बोलण्यास मनाई असतानाही, आपली विनंती मांडली. वरिष्ठ सांगतील तसे कर, एवढेच उत्तर मिळाले. रक्षकांनी तिला अक्षरशः उचलून बाहेर नेले. अखेर बिशपांची परवानगी आली, तर मठाने उपवासकाळ संपेपर्यंत थांबायला सांगितले. ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, ती मठाच्या दारातून आत गेली.

प्रतीक्षा तिथे संपली असे मात्र नाही. वर्षभरातच तिच्या लाडक्या वडिलांचे मन भ्रमिष्ट झाले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना काँ या शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तीन वर्षे ते तिथे होते. मुलींच्या मठात जाण्यामुळेच बापाला वेड लागले, अशी कुजबुज लोक करीत. मठाच्या जाळीआड असलेली तेरेजा काहीही करू शकत नव्हती. तिच्या व्रतग्रहणाचा दिवसही काही महिने लांबला आणि सप्टेंबर १८९० मध्ये उजाडला. प्रार्थनेत तिला गोडवा लाभत नसे. उलट मनन करताना चक्क झोप लागे. मूल झोपलेले असले तरी आईबापांना प्रियच असते, असा विचार करून ती स्वतःचे समाधान करी.

मग १८९६ चा पवित्र आठवडा आला. गुरुवारच्या रात्री ती अंथरुणावर पडली आणि तोंडात उष्ण धार आली. दिवा विझवलेला होता. पुन्हा न पेटवता ती सकाळपर्यंत थांबली. उजेडात पाहिले तर रुमालावर रक्त होते. तो क्षयरोग होता. तिला भीती वाटली नाही, उलट येशू आपल्याला लवकर नेणार म्हणून आनंद झाला. पण ईस्टरच्या त्याच दिवसांत तिच्या मनातला उजेड विझला. मरणापलीकडे काहीच नाही, स्वर्ग ही केवळ कल्पना आहे, असे आवाज आत उठू लागले. विज्ञान सर्व काही उलगडून दाखवील असे मानणाऱ्या त्या काळातील जडवाद्यांचे युक्तिवाद चार भिंतींच्या आत राहणाऱ्या या मुलीच्या डोक्यात घोळू लागले.

तेरेजाने काय केले? तीन गोष्टी केल्या.

पहिली, तिने शंकेशी वाद घातला नाही. ती पाठ फिरवून येशूकडे धावत असे. श्रद्धांगीकाराची प्रार्थना, जी आपण रविवारी मिस्सात सवयीने म्हणून टाकतो, ती तिने स्वतःच्या रक्ताने लिहिली आणि शुभवर्तमानाच्या प्रतीबरोबर हृदयाशी बाळगली.

दुसरी, तिने नेहमीची कामे सोडली नाहीत. नवशिक्या भगिनींना मार्गदर्शन करणे, चिडक्या भगिनीशी हसून बोलणे, मिशनरी धर्मगुरूंना धीराची पत्रे लिहिणे चालूच होते. स्वर्गाविषयी ती आनंदी कविताही लिही. वाचणाऱ्यांना वाटे, हिला दर्शनेच होत असणार. ज्यावर विश्वास ठेवण्याची आपली इच्छा आहे तेच आपण गातो, असे तिने मठाच्या प्रमुख भगिनीसाठी लिहून ठेवले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. देव नाही असे म्हणणारे लोक मनात नसलेले बोलतात, असे तिला पूर्वी वाटे. आता तिला कळले की श्रद्धा खरोखरच नसलेली माणसे असतात. तिने त्यांना दोष दिला नाही. त्यांच्याच मेजावर बसून, त्यांना आपली भावंडे मानून, त्यांची कडू भाकर खाण्याची तयारी तिने देवापुढे दाखवली.

शेवटच्या महिन्यांत वेदना असह्य झाल्या. श्रद्धा नसती तर आपण जीव दिला असता, अशी कबुली तिने दिली आणि अशा रुग्णाजवळ विषारी औषधे ठेवू नका, असेही बजावले. १९ ऑगस्टनंतर तिला ख्रिस्तप्रसादही घेता आला नाही. ३० सप्टेंबर १८९७ रोजी संध्याकाळी, चोविसाव्या वर्षी, देवावरचे प्रेम व्यक्त करतच तिने प्राण सोडला.

वर्षभराने तिच्या आठवणींचे पुस्तक निघाले आणि जगभर गेले. १९२५ साली तिला संतपद मिळाले. मठाबाहेर कधी न पडलेली ही भगिनी १९२७ साली, ज्यांचा देह गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने, मिशनकार्याची आश्रयदात्री ठरली. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी तिचेच नाव घेतले. त्यांनीही दीर्घ काळ असाच काळोख सोसला, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून कळले. तेरेजाची बहीण लिओनी मठजीवनात तीनदा अपयशी ठरली. चौथ्या खेपेला, १८९९ साली, ती गेली आणि तिथेच स्थिरावली.

बंधुभगिनींनो, श्रद्धा ही भावना असती तर तेरेजाने ती १८९६ सालीच गमावली असती. श्रद्धा म्हणजे दिलेला शब्द पाळणे. नवरा-बायकोचे प्रेम रोज उचंबळत नाही, तरी पहाटे उठून चहा ठेवला जातो, आजाऱ्याच्या उशाशी जागले जाते. शंका आली म्हणजे श्रद्धा गेली असे नव्हे. ती गेलीच असती, तर तिच्यासाठी मन तळमळले नसते.

ज्यांच्या मुलाची नोकरी अडली आहे, ज्यांच्या घरी पाळणा हलत नाही, ज्यांचा रुग्ण बरा होत नाही, त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात रोज रात्री श्रद्धांगीकार एकदा सावकाश म्हणा. काही वाटले नाही तरी म्हणा. आणि घरातले कुणी मिस्साला यायचे थांबले असेल, तर त्याला टोचून बोलू नका. जेवताना त्याच्या शेजारी बसा आणि मनातल्या मनात त्याच्या वतीनेही ती प्रार्थना म्हणा.

संत तेरेजा, आमच्यासाठी विनंती कर.

आपला,
प्रमुख धर्मगुरू